वेस राहिली, पेठ गेली

आपल्याकडे हेरिटेज म्हटलं की लोकांना फक्त वेस दिसते. नगर परिषदेला निधी आला की पहिले वेशीला रंग, तोही ऑइल पेंट, मग तिच्यावर एलईडीच्या माळा, बाजूला "आय लव्ह अमुक गाव" लिहिलेली लोखंडी अक्षरं, उद्घाटनाला नारळ, फोटो, झालं जतन. आणि त्या वेशीतून आत गेलं की जिच्यासाठी ती वेस बांधली होती ती पेठ एकेक घर करून पडून राहिली, तिच्याबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. दरवाजा पॉलिश करून ठेवायचा आणि घर भंगारात द्यायचं, असं चाललंय हे.

मी वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावचा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते सगळे रोज चहाला भेटतात आणि मला पुढेही त्यांच्यासोबत चहा प्यायचा आहे. माझं झेरॉक्सचं दुकान जुन्या बाजार ओळीत आहे, त्यामुळे मला हे प्रकरण इतरांपेक्षा जरा जास्त दिसते. कोणाच्या घरात वाटणीचं सुरू झालं, कोणाला नोटीस आली, कोण बिल्डरला देऊन राहिला, हे गावात कळायच्या आधी माझ्या मशीनच्या काचेवर येते. आखीव पत्रिका म्हणजे जागेच्या मालकीचा उतारा, फेरफार, मृत्युपत्र, नकाशे, सगळं. वाचायचं नसते पण नजर जाते ना.

तर पेठ कशी आहे ते सांगतो. आता आहे म्हणू की होती म्हणू, मधलंच काहीतरी. बैलगाडी आणि एक माणूस बाजूने निघेल एवढा रस्ता, दोन्हीकडे ओटे, ओट्यावर सागवानी खांब, खाली दुकान आणि वर माडी, माडीला लाकडी कठडा, आतमध्ये चौक, मागे परस आणि विहीर. कुठे वरती कवेलू म्हणजे कौलं, कुठे धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. रस्ता सरळ नाही, थोडा वाकत वाकत जाते, आणि त्यामुळे दिवसभर कोणत्या तरी एका बाजूला सावली असतेच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की नवीन मेन रोडवरचे काचवाले शोरूम एसी लावून बसतात आणि आमच्या ओळीत माणसं दुपारी ओट्यावर पाय सोडून बसतात. खेड्यावरून आलेली बाई बाजार करून ओट्यावर टेकते, पाणी मागते, बस यायची वाट पाहते. तिला कोणी उठ म्हणत नाही. नवीन कॉम्प्लेक्सच्या पायऱ्यांवर बसून दाखवा, वॉचमन येते.

ही पेठ कोणा राजाने नाही बांधली, कापसाने बांधली. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला, मग १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. खामगावच्या कापूस बाजारासाठी तर जलंबवरून खास फाटा टाकला, १८७० मध्ये, आणि त्याच्या उद्घाटनाला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. विचार करा, एका कापूस मार्केटसाठी व्हाइसरॉय. नंतर मूर्तिजापूरवरून अचलपूर आणि यवतमाळकडे शकुंतला नावाची छोटी रेल्वे सुरू झाली, तीही कापसासाठीच. तर त्या पैशातून जिनिंगवाले, अडते, सराफ, कापडवाले या सगळ्यांनी आपापल्या गावात वाडे बांधले. वऱ्हाडातल्या कितीतरी तालुक्याच्या गावांत अशी एक तरी ओळ आहे, तिथे सागवानाच्या तुळया मोजल्या तर त्या वर्षी भाव काय होता याचा अंदाज येते म्हणतात. हे म्हातारे लोक म्हणतात, मी मोजल्या नाहीत.

काही गावं तर कापसाच्याही आधीची श्रीमंत. माझं आजोळ कारंज्याकडचं, कारंजा लाड. तिथे दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस अशा चार वेशी. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर कारंजा लुटलं, म्हणजे लुटण्याइतकं तिथे होतं. तिथल्या एका जैन व्यापाऱ्याने वाड्याच्या चुन्यात कस्तुरी मिसळली होती अशी आख्यायिका आहे आणि कस्तुरीची हवेली हे नाव आजही लोक घेतात. जैन मंदिरांत जुन्या हस्तलिखितांचे भांडार होते, त्यातूनच पुढे अपभ्रंश भाषेतले ग्रंथ संपादित होऊन छापले गेले, डॉ. हिरालाल जैन यांचं त्यात मोठं काम आहे. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून गुरुमंदिराला वर्षभर गर्दी. आता समृद्धीचा इंटरचेंज पण झाला. पण येणारा भक्त काय करते, गाडी लावते, दर्शन घेते, प्रसाद घेते, परत गाडीत. लोकांना वाटते पर्यटन वाढलं की जुनं गाव वाचेल. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. हजारो लोक येऊनसुद्धा शेजारच्या गल्लीत कोणी डोकावत नाही तर आमच्या गावात कोण येणार आहे, आणि कायले येणार आहे?

पेठ वाचवायची तर तिथे राहणाऱ्या आणि धंदा करणाऱ्या माणसासाठी वाचवायची. बाकी कोणासाठी नाही.

आता ती पडून काऊन राहिली ते पाहू. लोक म्हणतात नवीन पिढीला कदर नाही. हे सगळ्यात सोपं उत्तर आहे आणि बरंचसं चुकीचं आहे. कदर आहे हो, पण कागद आडवे येतात.

सगळ्यात मोठा मारेकरी म्हणजे विकास आराखड्यातली रुंदीकरणाची रेषा. नगररचनेच्या कायद्याने, म्हणजे १९६६ च्या एमआरटीपी ॲक्टने, प्रत्येक नगर परिषदेचा डीपी, म्हणजे हाच विकास आराखडा, बनते. कोणीतरी ऑफिसात बसून आमच्या पंधरा फुटी पेठेवर नऊ मीटरची नाहीतर बारा मीटरची रेषा ओढते. गंमत अशी की त्या रेषेसाठी कोणी जागा संपादन करत नाही, कोणी पैसे देत नाही, काहीच होत नाही. फक्त तुम्ही घर पाडून नवीन बांधायची परवानगी मागायला गेले की तुम्हाला तेवढं मागे सरकायला लागते. म्हणजे ज्याने बांधलं तो मागे गेला, शेजारच्याने बांधलं नाही तो पुढेच, त्याच्या पुढचा परत मागे. रस्ता काही रुंद होत नाही, तीस वर्षं झाली तरी होत नाही, मधल्या खोबणीत दोन मोटारसायकली आणि एक भेळीचा ठेला लागते बस. पण ओळ मोडली ती मोडलीच. ओटा गेला, सावली गेली, शेजारची भिंत उघडी पडली, तिला पावसाचा मार बसायला लागला, मग ती शिकस्त झाली, मग तिलापण नोटीस. एक घर पडलं की त्याच्या दोन्ही बाजूची घरं आजारी पडतात, कारण या वाड्यांच्या भिंती सामाईक असतात, एकमेकाला धरून उभ्या आहेत. म्हणूनच एक वाडा निवडून त्याला हेरिटेजचा बिल्ला लावून काही होत नाही, अख्खी ओळच धरायला लागते.

दुसरं म्हणजे हिस्सेदार. आखीव पत्रिकेवर दीड-दोन डझन नावं, त्यातला एक पुण्याला, एक नागपूरला, एक वारला आणि वारस चढलेच नाहीत, एका आत्याने हक्कसोड दिला की नाही दिला यावर दोन पार्ट्या. अशा घरावर कवेलू फेरायला दहा हजार कोण लावेल? जो राहते तो म्हणते सगळ्यांचं आहे, मी एकट्याने काऊन लावू. जे राहत नाहीत ते म्हणतात आपल्याला काय भेटते त्यातून. मग एकच गोष्ट अशी निघते जिच्यावर सगळे सह्या करायला तयार होतात, ती म्हणजे विक्री. मी त्या करारनाम्यांच्या झेरॉक्स काढतो. सगळे हिस्सेदार एकत्र हसताना मी फक्त त्याच दिवशी पाहिले.

मग भाडेकरू. दुकानाचं भाडं आजोबाच्या काळातलं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढवता येते, पण मूळ आकडाच इतका लहान की चार टक्क्यात चहा येत नाही. मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि खरं सांगायचं तर करायचीपण नसते, कारण भाडेकरू जिवंतपणी निघत नाही, घर पडलं तरच निघते असा सगळ्यांचा हिशोब. नगर परिषदेची धोकादायक इमारतीची नोटीस ही काही ठिकाणी आफत नसते, मागवलेली असते. मी भाडेकरूंना दोष देत नाही, त्यातला एक मीच आहे. माझं भाडं सांगितलं तर तुम्ही हसाल.

आपल्या विदर्भाचं आणखी एक खास लचांड, नझूल. नागपूर आणि अमरावती विभागात जुन्या गावातल्या बऱ्याच जागा नझूलच्या, म्हणजे जमीन सरकारची आणि तुमचा फक्त पट्टा. पट्ट्याचं नूतनीकरण अडकलं की बँक कर्ज देत नाही, बँकेने दिलं नाही की दुरुस्ती होत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला नझूल म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते, म्हणून तिकडून येणाऱ्या हेरिटेजवाल्या लोकांच्या भाषणात हा मुद्दा कधी येतच नाही.

आणि घरकुल. यावर कोणी बोलत नाही, कारण घरकुलाविरुद्ध बोलणं म्हणजे गरिबाविरुद्ध बोलणं असं वाटते. पण ऐका. प्रधानमंत्री आवास योजनेत शहरी भागात स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख भेटतात. मातीच्या भिंतीचं घर सरकारच्या हिशोबात कच्चं. आता आमच्या पेठेमागच्या गल्ल्यांत जी धाब्याची घरं आहेत, हातभर जाडीच्या भिंती, सागवानी पाट्या, वर पांढऱ्या मातीचा थर, शंभर उन्हाळे काढलेली, तीपण कच्चीच. ती पाडून टिनाच्या नाहीतर पातळ स्लॅबच्या खोल्या बांधल्या की पक्की. त्या पक्क्या खोलीत मे महिन्यात दुपारी एक तास बसा, मग बोलू. त्या माणसाला अडीच लाख सोडून दे म्हणायची माझी हिंमत नाही, म्हणूही नये. पण तोच पैसा धाबं काढून नीट नवीन करायला, भिंतीला चुना करायला वापरता आला असता तर निदान त्याला निवड तरी राहिली असती.

हे सगळं मी आमच्या मोठ्या बाबांना सांगत होतो. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, पेठेत किराणा, वय ऐंशीच्या वर, अजूनही गल्ल्यावर तेच बसतात. म्हटलं मोठे बाबा, आपण सगळे मिळून पेठ हेरिटेज म्हणून जाहीर करायला लावू. तर ते एकदम उखडले.

"मले हेरिटेज-गिरिटेज काही सांगू नको. एकदा त्यायनं बोर्ड ठोकला का मंग संडास बांधाले बी दिल्लीले जा लागते. बालापूरवाल्या पाव्हन्याले विचार."

"पण मोठे बाबा, ते वेगळं असते..."

"वेगळं गिगळं नाही. सरकारनं हात लावला का आपली वस्तू आपली राह्यत नाही. तू लहान आहेस अजून."

मी पंचेचाळीसचा आहे. असो.

पण त्यांची भीती खोटी नाही आणि या एका भीतीपायी आपल्याकडे कुठल्याच गावात ही चर्चा पुढे जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. केंद्राचा स्मारकांचा कायदा १९५८ चा, २०१० मध्ये त्यात दुरुस्ती झाली. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटर प्रतिबंधित, तिथे नवीन बांधकाम नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि त्यापुढे आणखी दोनशे मीटर नियंत्रित. जंगलात एकटा किल्ला असला तर ठीक आहे, पण वस्तीच्या मधात स्मारक असलं की शंभर मीटरमध्ये अर्धा मोहल्ला येते. चंद्रपूर घ्या. गोंड राजांचा परकोट अख्ख्या जुन्या शहराभोवती आहे, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर असे दरवाजे, आणि लोकांची घरं त्याला लागून. तिथे इको-प्रो संस्थेच्या पोरांनी २०१७ पासून महिनोन्‌महिने श्रमदान करून कोटावरचं झाडझुडूप काढलं, त्याचा मन की बात मध्ये उल्लेख झाला, आणि ते खरंच मोठं काम आहे, मला त्याचं लय कौतुक आहे. पण कोट साफ करता येते श्रमदानाने, कोटाच्या आतली पेठ श्रमदानाने नाही वाचत. तिथे माणसाचं घर आहे, त्याचा कर्जाचा हप्ता आहे.

पण स्मारक वेगळं आणि परिसर वेगळा, हे मोठ्या बाबांना पटवायला मला लय वेळ लागला. मुंबईत १९९५ मध्ये हेरिटेजचे नियम आले, देशात शहर पातळीवर असे पहिलेच. त्यात इमारतींच्या श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीला जवळजवळ हात लावायचा नाही, दुसरीत आतले बदल चालतात, आणि तिसरी श्रेणी म्हणजे जी इमारत एकटी काही फार मोठी नाही पण तिच्यामुळे त्या रस्त्याला एक चेहरा आहे, तिथे आत-बाहेर बरेच बदल करता येतात. शिवाय अख्खा परिसर यादीत घेता येते. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे, रुंदीकरणाच्या रेषा अशा परिसरातून जात असतील तर त्यांचा वेगळा विचार करायचा हेही त्या नियमात आहे. आमची पेठ सगळी तिसऱ्या श्रेणीची. तिथे ताजमहाल नाही कोणता. आत तुम्ही टाइल्स लावा, कमोड बसवा, एसी लावा, भिंत काढून दोन खोल्यांची एक करा, कोणी विचारणार नाही. समोरचा ओटा, खांब, माडीचा कठडा आणि उंची एवढंच सांभाळा. हे ऐकल्यावर मोठे बाबा म्हणे, "एवढंच असन तं चालते." मग थोडं थांबून, "पण लिहून घेजो."

त्याच नियमांत टीडीआरची पण सोय आहे, म्हणजे हेरिटेजमुळे जे बांधता येत नाही तेवढा चटई निर्देशांक, म्हणजे बांधकामाचा हक्क, दुसरीकडे विकायचा. २०२० मध्ये राज्यभर बांधकामाची जी युनिफाइड नियमावली आली तिच्यातही हेरिटेजसाठी टीडीआर आहे. मुंबईत त्याला सोन्याचा भाव. आमच्या गावात टीडीआर घेईल कोण? इथे गावाबाहेर लेआउट पाडून अर्धे प्लॉट रिकामे पडून आहेत. तालुक्याच्या गावाला टीडीआर देणं म्हणजे उन्हाळ्यात स्वेटर वाटणं, आणि नुकसानभरपाईचा मुद्दा आला की साहेब लोक हेच पुढे करतात.

अमेरिकेचं उदाहरण देऊ का नको असा विचार करत होतो, कारण लोक लगेच म्हणतात तिकडचं तिकडे. पण एक गोष्ट मला फार आवडली. तिकडे अख्खा भाग ऐतिहासिक म्हणून कायद्याने सांभाळायची सुरुवात १९३१ मध्ये चार्ल्स्टन नावाच्या शहराने केली, ते मोठं प्रकरण. पण १९७७ मध्ये गेल्सबर्ग, हॉट स्प्रिंग्ज आणि मॅडिसन अशा तीन छोट्या गावांत मेन स्ट्रीट नावाचा प्रयोग झाला. तिथेही आपल्यासारखंच, हायवेवर मॉल आले आणि जुनी बाजार ओळ ओस पडली. त्यांनी सुरुवात इमारतींपासून नाही केली. प्रत्येक गावात एक पूर्णवेळ माणूस नेमला, ज्याचं काम फक्त त्या ओळीतल्या दुकानदारांशी बोलणं, बोर्ड, दर्शनी भाग, दुकानाची जाहिरात, रिकामी दुकानं भरणं. धंदा चालला की मालक आपोआप दुरुस्ती करते हा साधा हिशोब. पुढे हा प्रयोग तिकडे देशभर गेला. आणि व्यावसायिक वापरातली ऐतिहासिक इमारत नियमाप्रमाणे दुरुस्त केली तर खर्चाच्या वीस टक्के केंद्रीय करातून सूट. वीस टक्के! आपल्याकडे मालमत्ता करात पाच टक्के मागितले तर मुख्याधिकारी खुर्चीत सावरून बसतात.

जवळचं पाहिजे असेल तर अहमदाबाद. तिथल्या महापालिकेने १९९६ मध्ये हेरिटेज सेल काढला, पुढच्या वर्षी जुन्या पोळांमधून, म्हणजे तिथल्या गल्ली-वस्त्यांमधून, हेरिटेज वॉक सुरू केला, आणि २०१७ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत आलेलं भारतातलं पहिलं शहर झालं. म्हणजे वीस वर्षं. आपल्याकडे वीस वर्षं धीर धरायला मुख्याधिकारी तीन वर्षंसुद्धा टिकत नाहीत.

बरं, नियम झाले समजा, तर काम करेल कोण हा पुढचा प्रश्न. सध्या जो तो जुन्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर मारून राहिला. त्याने काय होते, पायातून वर चढणारी ओल आधी चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडून वाळून जायची, आता सिमेंटमागे कोंडते, आतली माती आणि विटा भुगा होतात, लोणा फुटते, आणि चार-पाच पावसाळ्यांनी प्लास्टरचा पापुद्राच खाली. मग मालक म्हणते भिंतच खराब होती. भिंत नव्हती खराब भाऊ. चुना भिजवून मुरवायचा, रेती मिसळून घाण्यात मळायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी, हे सगळं करणारे मिस्त्री आमच्या भागात आता म्हातारे झाले. एकाला मी ओळखतो, त्याची पोरं सेंट्रिंगच्या कामावर आहेत कारण तिथे रोजी रोज भेटते. धाब्याची माती मिरगाच्या आधी फिरवायची असते, तेही कोणाला वेळ नाही. मला वाटते हेरिटेजचा पहिला निधी आला तर तो वेशीच्या रंगात न घालता दोन म्हाताऱ्या मिस्त्रींना मानधन देऊन आयटीआयच्या पोरांना शिकवण्यात घालावा. एलईडीपेक्षा स्वस्त पडेल.

तर सध्या आम्ही काय करून राहिलो ते सांगतो. डीपीची दुरुस्ती आली आहे. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती आणि सूचना द्यायची मुदत असते, आणि मंजूर डीपीमध्येही एमआरटीपीच्या कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल करता येतो. आम्ही ओळीतल्या दुकानदारांच्या सह्या घेऊन अर्ज तयार केला. मागण्या जास्त नाहीत. पेठेतली रुंदीकरणाची रेषा काढून रस्ता आहे तेवढाच धरा, अवजड गाड्यांसाठी बाहेरून वळण रस्ता आहेच. आमच्या वेशीपासून पहिल्या चौकापर्यंतची दोन्ही बाजूंची ओळ परिसर म्हणून यादीत घ्या, आत काहीही करायची मोकळीक ठेवून. जो मालक दर्शनी भाग तसाच ठेवून दुरुस्ती करेल त्याला मालमत्ता करात सूट. ओट्याला अतिक्रमण म्हणणं बंद करा. आणि नझूलच्या पट्ट्यांसाठी या ओळीपुरतं एक शिबिर लावा, तहसील आणि भूमी अभिलेख एका टेबलावर, वारस चढवणं पण तिथेच.

सगळ्यात जास्त भांडण कशावरून झालं माहीत आहे का? फ्लेक्सवरून. अर्जात एक ओळ होती की माडीचा कठडा झाकेल असा फ्लेक्स लावायचा नाही, दुकानाचा बोर्ड कठड्याच्या खाली, ठराविक उंचीचा. रुंदीकरण रद्द करायला सगळे तयार, करसवलतीला तर तयारच, पण फ्लेक्सवर अर्धी ओळ उठून गेली. मोबाइलवाला म्हणे कंपनी फुकट बोर्ड देते, वर पैसे पण देते, तू देशील का. कापडवाला म्हणे लग्नसराईत बोर्ड मोठाच लागते. एक सराफ म्हणे, वाढदिवसाच्या फ्लेक्सचं काय, त्याले कोण हात लावन, तुम्ही लावसान का? यावर कोणी काही बोललं नाही. शेवटी असं ठरलं की सध्या फक्त कायमच्या बोर्डांचं लिहायचं, वाढदिवसांचं नंतर पाहू. मला ते पटलं नाही, पण सह्या महत्त्वाच्या होत्या.

मोठ्या बाबांनी पहिली सही केली. सही करताना अर्ज तीनदा वाचला, "आतमध्ये मोकळीक" या शब्दांखाली पेनाने रेघ मारली, आणि म्हणे याची एक झेरॉक्स माह्याजवळ राहू दे, उद्या कोणी आलं तर दाखवाले. ती फुकट दिली. बाकी सगळ्यांकडून दोन-दोन रुपये घेतले आहेत, कारण दुकानाचं भाडं कमी असलं तरी टोनर महाग आहे.

अर्ज आवक-जावकला देऊन शिक्का घेतला. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. तुमच्या गावात, अचलपूर असो, मेहकर असो, पवनी असो, डीपीचं काम सुरू असेल तर आधी जाऊन तो नकाशा पाहा, तुमच्या पेठेवर किती मीटरची रेषा आहे ते. नगर परिषदेत भिंतीला लावलेला असते, बहुतेक कपाटाच्या मागे.